लेरातोचा स्वेटर

“नावानिशी लिही, करुणा. ‘इथल्या भगिनींसाठी प्रार्थना करा’ असलं मोघम काही पाठवू नकोस. देवाला सगळं ठाऊक असतं, आम्हाला नसतं. मला नाव पाहिजे, वय पाहिजे, नड काय ती पाहिजे. मग बघ मी कशी गुडघे टेकते ते.”

“टेकतील हो, पण उठवायला दोघी लागतात त्यांना,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि करमाळ्याच्या आमच्या देवळाच्या ओसरीवर जमलेल्या चाळीस बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

रूथमावशी हसल्या नाहीत. भगिनी मंडळाच्या त्या अध्यक्षा. प्रार्थना म्हणजे त्यांच्या लेखी शेतात जाण्याइतकं रोकडं काम होतं. बी कुठलं हे माहीत नसताना पेरायचं कसं, असा त्यांचा सवाल.

“नावानिशीच लिहीन, मावशी,” मी म्हटलं. “दर महिन्याला.”

माझे यजमान दानिएल पाळक होते. चार जिल्ह्यांतल्या बाप्तिस्त मंडळ्यांनी मिळून आम्हाला लेसोथोला धाडायचं ठरवलं होतं. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा, चारी बाजूंनी एकाच मोठ्या देशानं वेढलेला तो डोंगराळ मुलूख. नकाशात तो शोधायला आमच्या मंडळीतल्या शिक्षकांनाही चष्मा पुसावा लागला होता. तिथं वरच्या डोंगरात मुलीच्या शाळेची काही सोय नव्हती, म्हणून आमची सात वर्षांची पर्सिस माझ्या आईजवळ राहणार होती. ती त्या दिवशी आजीचं बोट धरून उभी होती. रडली नाही. “जा मग,” एवढंच म्हणाली. त्या ‘जा मग’विषयी मी पुढं कितीतरी महिने कुणाशी बोलले नाही. दानिएलांशीही नाही.

गावाचं नाव हा-मोफुटी. दगडी भिंतींची, गवतानं शाकारलेली गोल घरं, एक छोटं देऊळ, देवळामागं आमच्या दोन खोल्या आणि चहूकडे डोंगर. पहाटे उठून, कुणाशी शब्द बोलायच्या आधी, पाण्याचा घोटही घ्यायच्या आधी वहीतली नावं उभ्यानं, मोठ्यानं वाचायची हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. तो तिथंही चालू राहिला. मग झऱ्यावरून पाणी. मग चूल. तिथल्या बायका गुरांच्या गोठ्यातलं शेण वाळवून जाळतात हे पाहिलं, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी एका म्हातारीच्या अंगणात बसून तिला गोवऱ्या थापून दाखवल्या. ज्वारीही होती तिथं, लालसर दाण्याची. पहिली भाकरी तव्यावर फुगली, तेव्हा दानिएल म्हणाले, “चला, आता देवानं इथंच ठेवलं तरी तक्रार नाही.”

ते बोलायचे इंग्रजीतून आणि एक शिक्षक त्यांचं भाषांतर करायचे. माझ्याकडे गुरुवारची बायकांची सभा होती. तिथं माझी जीभ म्हणजे मालेरातो.

मालेरातो आमच्या कुंपणापलीकडच्या घरात राहायची. तिशी ओलांडलेली, उंच, खांद्यावर तपकिरी घोंगडी आणि ती अडकवायला ही एवढी मोठी पिन. नवरा तेबोहो परमुलखात सोन्याच्या खाणीत, वर्षातून दोनदा घरी येणारा. ती सातवीपर्यंत शिकलेली होती आणि तिला इंग्रजी येत होतं, पण सभेबाहेर मी हट्ट धरला होता की माझ्याशी तिनं तिच्याच भाषेत, सेसोथोतच बोलायचं. सहा महिन्यांत भाषा आली पाहिजे असं मी ठरवून टाकलं होतं. इतकं ठरवलं होतं की कळलं नाही तरी मान डोलवायची मला सवय लागली.

त्या मुलखात लग्न झालेल्या बाईला लेकरावरून हाक मारतात. माथाबो म्हणजे थाबोची आई. मापालेसा म्हणजे पालेसाची आई. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं आणि फार गोड वाटलं. मग मालेरातो म्हणजे लेरातोची आई, हे सांगायला का कुणी लागतं? लेरातो म्हणजे प्रेम.

एकदा झऱ्यावर बादली भरता भरता मी तिला माझ्या मोडक्या भाषेत विचारलं, “म्मे मालेरातो, लेरातो कुठंय?” ‘म्मे’ म्हणजे आई, मोठ्या बाईला सगळे तसंच म्हणतात.

ती बादलीकडे बघत होती. मग म्हणाली, “हा आ एसो फिहले.”

‘फिहले’ म्हणजे पोचणं, हे मला येत होतं. अजून पोचली नाही. म्हणजे कुठंतरी गेलेली आहे.

“किती वर्षं?” मी विचारलं.

“सहा.”

मी वरच्या डोंगराकडे बोट केलं. तिची सासू तिकडं वरच्या गावात राहते हे मला ठाऊक होतं. “सासूबाईंकडे?”

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “सासू तिकडंच असते,” ती म्हणाली आणि बादली डोक्यावर घेऊन चालायला लागली.

त्या महिन्याच्या पत्रात मी रूथमावशींच्या सांगण्याप्रमाणं नाव, वय, नड सगळं लिहिलं. अक्षर न् अक्षर आठवतंय मला. ‘आमची भगिनी मालेरातो हिची सहा वर्षांची मुलगी लेरातो दूर डोंगरात आजीजवळ राहते. आई तिची वाट पाहते. मायलेकींची लवकर भेट व्हावी म्हणून नाव घेऊन प्रार्थना करावी.’ लिहिताना माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, किती अचूक ओळखलं मी तिचं दुःख.

वहीतही नाव उतरवलं. रोज पहाटे घेत राहिले.

सात महिन्यांनी, जून संपता संपता, पार्सल आलं. तिथं जून-जुलै म्हणजे कडाक्याची थंडी. डोंगरमाथे पांढरे झालेले. पार्सल शिवलेलं होतं, वर रूथमावशींचं ठसठशीत अक्षर. आत शेवयांची पुडी, पर्सिसनं काढलेलं बैलाचं एक चित्र आणि जांभळ्या लोकरीचा छोटा स्वेटर. गळ्याशी पांढरी फुलं विणलेली. स्वेटरला टाचणीनं कागद लावला होता.

‘चि. लेरातो हिस. सहा वर्षांच्या मुलीच्या मापानं केला आहे, बाह्या थोड्या लांब ठेवल्या आहेत. तिकडं थंडी फार असं करुणाबाई लिहितात. आम्ही रोज तुझं नाव घेतो. तू लवकर आईजवळ ये.’ खाली चाळीस बायकांच्या सह्या. सात-आठ अंगठेही होते.

मालेरातो त्या दिवशी दळण आणायला गेली होती. मला धीर निघेना. जिला गोवऱ्या थापून दाखवल्या होत्या ती म्हातारी माथाबो शेकत बसली होती. तिच्यापुढं मी स्वेटर उलगडला.

“लेरातोसाठी,” मी म्हटलं. “लेरातो कधी येणार खाली? कुणाबरोबर वर पाठवू का?”

म्हातारीनं स्वेटर हातात घेतला, फुलांवरून बोट फिरवलं. “कुठली लेरातो?”

“मालेरातोची.”

ती आधी हसली. मग माझं तोंड पाहून तिनं हसू आवरलं आणि तोंडावर हात ठेवला. तिनं मला फार सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. सून घरात येते त्याच दिवशी सासरची माणसं तिला नाव देतात. पुढं जे लेकरू होईल, त्याचं नाव आधीच ठरवतात आणि त्याची आई म्हणून तिला हाक मारायला लागतात. मग लेकरू येतं आणि ते नाव घेतं.

“आणि नाही आलं तर?”

“तर नाव आईजवळ राहतं,” माथाबो म्हणाली. “मालेरातोच्या लग्नाला सहा वर्षं झाली, बाई.”

अजून पोचली नाही. तिनं मला खरं तेच सांगितलं होतं. मीच आजी घातली होती, डोंगर घातला होता, मुलगी घातली होती.

घरी आले तेव्हा दानिएल देवळाच्या दाराला बिजागरी बसवत होते. मी सगळं सांगितलं. ते हातोडी खाली ठेवून पायरीवर बसले.

“चाळीस जणी?” त्यांनी विचारलं.

“सात महिने.”

“आणि तू रोज.”

“मी रोज.”

“असं करू,” ते म्हणाले, “मंडळाला कळवू की समजुतीत चूक झाली. एक ओळ पुरे. मालेरातोला नाही सांगितलं तरी चालेल. तिला कशाला टोचायचं?”

“अहो, माथाबोला कळलंय. उद्यापर्यंत झऱ्यावर कळेल. तिला झऱ्यावर कळू द्यायचं?”

त्यांनी मान डोलवली. मग म्हणाले, “ती गेली तर तुझी सभा गेली, करुणा.”

“सभेचं नाही हो,” मी म्हटलं. “मला इथं दुसरं कोण आहे?”

हे मी त्यांना पहिल्यांदाच बोलून दाखवत होते. त्यांनी बिजागरी उचलली, परत ठेवली. “मग आजच सांग,” ते म्हणाले.

दुपार कलताना मालेरातो दळण घेऊन आली. मी तिला चुलीपाशी बसवलं आणि सभेबाहेर पहिल्यांदाच आपणहून इंग्रजीत बोलले, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. पत्रात काय लिहिलं ते सांगितलं. स्वेटर मांडीवर ठेवला. कागद वाचून दाखवला, प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. ‘तू लवकर आईजवळ ये’ हेही वाचलं.

ती ऐकत होती.

“तू त्यांना माझं नाव सांगितलंस?” तिनं विचारलं.

“हो.”

“तेबोहोचंही?”

“नाही.”

“मला विचारलं होतंस?”

“नाही.”

तिनं स्वेटर उचलला, आत हात घालून बाही ताणून पाहिली, घडी केली आणि माझ्या हातात परत दिला. मग दळणाचं पोतं डोक्यावर चढवलं. दारात वाकून बाहेर पडली. कुंपणाचं फाटक ती नेहमी उघडं टाकायची, त्या दिवशी लावून गेली.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर ती माझ्या आधी येऊन गेली होती. दगड ओले होते. तिसऱ्या दिवशीही तसंच. गुरुवारी सभेला बारा बायका आल्या आणि तेरावी आली नाही. मी माझ्या सेसोथोत बोलायला सुरुवात केली. मला म्हणायचं होतं, ‘आज आपण क्षमेविषयी बोलू.’ काय म्हणाले कोण जाणे, बायका एकमेकींकडे बघून खांदे हलवून हसायला लागल्या. शेवटी माथाबोनं गाणं धरलं आणि मला त्यातून सोडवलं.

पहाटेचा नेम सर्वांत कठीण झाला. वहीतली नावं वाचत वाचत मी लेरातोपाशी यायचे आणि थांबायचे. घ्यावं, तर नसलेल्या मुलीची भेट व्हावी म्हणून देवाला काय सांगायचं? गाळावं, तर कुणालातरी दारातून हाकलून दिल्यासारखं वाटायचं. ज्यांच्यासाठी मागितलेलं मिळालं त्यांच्या नावापुढं मी बरोबरची खूण करायचे; नाव खोडलं मात्र कधीच नव्हतं. त्या तीन-चार दिवसांत मी लेरातोच्या नावावर पेन्सिल टेकवून उभी राहायचे आणि पेन्सिल उचलायचे.

शनिवारी सकाळी रूथमावशींना पत्र लिहायला बसले. ‘मागील पत्रांत माझ्याकडून एक गंभीर चूक झाली असून लेरातो नावाची कोणीही मुलगी’ इथवर लिहिलं, आणि दार वाजलं.

मालेरातो होती. खांद्यावरची घोंगडी दवानं ओली, नाकाचा शेंडा लाल. ती आत आली, चुलीपाशी बसली आणि हात शेकत म्हणाली, “गुरुवारी तू बायकांना काय सांगितलंस माहीत आहे?”

“काय?”

“‘आज आपण सासूविषयी बोलू.’”

मला हसावं की रडावं कळेना.

“माथाबो म्हणते, इतकी चांगली सभा वर्षभरात झाली नव्हती.” ती हसली नाही, पण तिचा आवाज हसत होता. मग तिनं कागदाकडे बोट केलं. “ते काय?”

“करमाळ्याला पत्र. खरं काय ते कळवतेय.”

“वाच.”

मी वाचलं. ‘लेरातो नावाची कोणीही मुलगी’ ऐकताच तिनं हात वर केला.

“थांब. पुढं काय लिहिणार? ‘नाही’ असं?”

मी मान हलवली.

“आधी मला सांग, तुला आजी कुठून सुचली? मी तर आजी म्हटलं नव्हतं.”

मी पेन खाली ठेवलं. ती वाट बघत राहिली. बिनघाईनं वाट बघणं तिला चांगलं येत होतं.

“माझी मुलगी आजीजवळ असते,” मी म्हटलं. “पर्सिस. आता आठ वर्षांची झाली. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला तेच दिसलं.”

“पेरेसिसी,” तिनं म्हणून पाहिलं. “अकरा महिने तू माझ्या शेजारी राहतेस. सगळ्या गावाचं दुखणं तू तुझ्या पत्रात घातलंस. त्या काळ्या गाईचं दूध आटलं तेही घातलंस. पेरेसिसीचं घातलंस?”

“नाही.”

“का?”

“सेवेला आलेल्या माणसानं घरचं रडगाणं गाऊ नये म्हणून.”

“हं,” ती म्हणाली. ते ‘हं’ मला वर्षभराच्या उपदेशापेक्षा जास्त लागलं. “नवीन कागद घे. मी सांगते, तू तुझ्या भाषेत लिही.”

मी कागद घेतला. ती सांगत गेली, कधी इंग्रजीत, कधी सेसोथोत, आणि मी लिहीत गेले.

“करमाळ्याच्या बायांनो, मी मालेरातो. माझी लेरातो अजून जन्मलेली नाही. हे माझ्या मैत्रिणीला कळलं नाही, कारण ती माझी भाषा माझ्या कोंबड्यांपेक्षा वाईट बोलते.”

“हे लिहू?”

“लिही. हसू देत. हसून झालं की बाई मनापासून प्रार्थना करते.” ती पुढं झाली. “सहा वर्षांत जिनं जिनं लेरातोचं नाव घेतलं, तिनं माझ्या पोटाकडे बघून घेतलं. कुठंय लेरातो? कधी येणार? दोष कुणाचा? माझ्या सासूनं तर नाव घेणंच सोडलं. मला ‘अगं ए’ म्हणते. तुम्ही चाळीस जणींनी मात्र एवढंच विचारलं की तिला थंडी वाजते का.”

माझं पेन थांबलं. ती म्हणाली, “लिही, लिही. शाई गोठेल.”

मग ती चुलीकडे वळली. चुलीत एक गोवरी सरकवली. आणि मला, पत्राला नव्हे, म्हणाली, “मार्चमध्ये तेबोहोची बहीण वारली. मापुलेंग. तुम्ही दोघं आला होतात मातीला.”

मला आठवत होतं. डोंगराच्या पार पलीकडे, अर्ध्या दिवसाची चाल.

“तिची पोर आहे, पुलेंग. आता वर माझ्या सासूजवळ असते. सहा वर्षांची. मापुलेंगनं शेवटी माझा हात धरला आणि नुसतं पोरीचं नाव घेतलं. मी म्हटलं, येईन न्यायला. दिवस झाल्यावर मी न्यायला उभी राहिले, तर सासू म्हणाली, ने. पण आजपासून तिला लेरातो म्हणायचं. तुझं नाव भरेल, लोकांची तोंडं बंद होतील, तूही सुटशील.”

“मग?”

“मग मी रिकाम्या हातानं परत आले. चार महिने झाले.” तिनं घोंगडीच्या टोकानं नाक पुसलं. “पोर दारात उभी होती. तिचं बोचकं बांधून तयार होतं. मला वाटलं, हिला लेरातो म्हटलं की हिच्या आईनं दिलेलं नाव मेलं. आणि माझी लेरातो आली, तर तिला तिची जागा भरलेली दिसेल. मी पुलेंगला घरी नेलं, तर लेरातोची वाट कोण बघणार? एका घरात मी एकटी दोघींना कशी पुरणार?”

मी तिच्या ओल्या घोंगडीचं टोक चुलीकडे वाळायला धरलं.

“हे चार दिवस मी तुझ्यावर रागावून बसले होते,” ती म्हणाली. “खूप. काल रात्रीचं जेवण करताना सहज मनात आलं, की सात महिने लेरातोची जागा त्या बायका राखून बसल्यात आणि मला पत्ताच नाही. चाळीस जणी. माझ्या सासूला इतकी माणसं हटवता येतील का?”

“रूथमावशींनाच हटवता येणार नाही,” मी म्हटलं. “एकदा बसल्या की त्यांना उठवायला दोघी लागतात.”

तेव्हा ती हसली. मोठ्यानं, तोंड उघडून. दानिएलांनी बाहेरून डोकावून पाहिलं आणि काही न विचारता परत गेले.

“पुलेंग कोण, तिचं वय काय तेही पत्रात घाल. आणि मग लिही,” ती म्हणाली. “थांबू नका. लेरातो आहे, फक्त पोचलेली नाही. तुम्ही तिची जागा राखा, म्हणजे मला पुलेंगला पुलेंग म्हणूनच आणता येईल. स्वेटर मी पुलेंगला घालते. लेरातोला तो मोठा होईल. आणि खाली तुझं लिही. पेरेसिसी, आठ वर्षं, आजीजवळ. आई वाट बघते.”

मी लिहिलं. माझ्याच हातानं, माझ्याच मुलीचं नाव, नड या शब्दापुढं. मालेरातोनं सही केली, मोठी, तिरकी.

करमाळ्याहून त्याचं उत्तर दोन महिन्यांनी आलं. ‘दोघींची नावं घेतली आहेत,’ रूथमावशींनी लिहिलं होतं. ‘तिघींची म्हण. पुलेंगचं वय कळलं, मापही कळव.’ पर्सिसला पुढच्या वर्षी आम्ही तिकडं आणलं. देवळातच चार मुलांची शाळा सुरू केली, आणि त्या चारांत एक पुलेंग होती. आता तिशी गाठलेल्या आहेत दोघी. आणि लेरातोचं नाव माझ्या वहीत आजही आहे. खोडलेलं नाही.

पण मला अजून दिसते ती पत्र लिहिल्यानंतरची सोमवारची सकाळ. नेम आटोपून मी बादली घेऊन बाहेर पडले, तर मालेरातो तिच्या अंगणात उभी होती. पायात तेबोहोचे खाणीतले बूट, दोन मोज्यांवर चढवलेले. अंगावर एक घोंगडी आणि पाठीशी दुसरी, गुंडाळून बांधलेली.

“बर्फ आहे वर,” मी म्हटलं. “दोन दिवस थांबतेस का? हे येतील बरोबर.”

“चार महिने थांबले की,” ती म्हणाली.

“सासूबाईंना काय सांगशील?”

“आधी दुमेला म्हणेन. नमस्कार तरी घेईल ना ती माझा.” तिनं पिन नीट केली. “मग पोरीला नावानं हाक मारेन. तिच्या स्वतःच्या. ती बाहेर आली, की बाकीचं सोपं आहे.”

“आणि सासूबाई नाही म्हणाल्या तर?”

माझ्या हातातली रिकामी बादली तिनं घेतली, आपल्या ओट्यावर पालथी ठेवली. “परत येईन तेव्हा तहान लागलेली असेल,” ती म्हणाली, “दोघींना. पाणी माझ्या घरात भरून ठेव.”

डोंगराची वाट देवळामागूनच वर जात होती. गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं आणि तिच्या बुटांखाली ते करकरत होतं. पहिल्या वळणावर तिनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मागं पाहिलं नाही. ओठ हलत होते तिचे. इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते, पण हाक म्हणून बघत असावी, कशी मारायची ती. मग खडकाआड गेली आणि जरा वेळानं वरच्या वाटेवर पुन्हा दिसली, एक एक पाऊल टाकत, घाई न करता, वर वर चढत जाणारी.